माझे सात डंपर

गिरणा-तापीच्या काठानं राहणाऱ्या माणसानं ‘माझ्याकडं सात डंपर आहेत’ हे वाक्य चारचौघांत उच्चारू नये. मी उच्चारलं. तेही भुसावळात, रविवारी सकाळी, सलूनमध्ये, गालाला साबण लागलेला असताना.

झालं असं, की चंद्रपूरहून चुलतभावाचा फोन आला. सातवा नीट पोचला का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, “पोचला. पण आता उभे करायला जागा नाही रे. सातही एका रांगेत लावलेत. मोठ्याचा मागचा टायर प्रवासात निघाला होता, तो बसवला काल.” यापुढं मी ‘फेविक्विकनं’ एवढा एकच शब्द बोललो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण ओठावर वस्तरा होता.

न्हाव्यानं त्या दिवशी पैसे घेताना दोन्ही हात पुढं केले. गेली अकरा वर्षं तो एकाच हातानं घेत होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडं ‘डंपर’ हा शब्द वाहनाचा राहिलेला नाही, तो हुद्दा आहे. डंपर म्हणजे वाळू, वाळू म्हणजे नदी, आणि नदी म्हणजे रात्री दोन वाजता, दिवे बंद, नंबरप्लेटवर चिखल. एक डंपर असलेल्या माणसाला लोक वाट देतात. दोन असलेल्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात. तीन असलेला स्वतः फलकावर नसतो, इतरांचे लावतो. सात म्हणजे काय, याची कल्पना करायलाही लोक आजूबाजूला बघून घेतात.

आता माझे सात. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक आहे. माझ्या नावावर एक स्कूटर आहे आणि तिलाही किक मारावी लागते. डंपर आहेत ते हॉलमधल्या काचेच्या कपाटात. खाणीत कोळसा आणि दगड वाहणाऱ्या अजस्र गाड्यांच्या हातानं बनवलेल्या प्रतिकृती, एकास पन्नास या प्रमाणात. या मापात सहा फुटी माणूस साडेतीन-पावणेचार सेंटीमीटरचा होतो.

हे वेड लागलं चंद्रपूरलाच. चुलतभाऊ कोळसा खाणीत नोकरीला. त्यानं एकदा उघड्या खाणीच्या काठावर नेऊन खाली बघायला लावलं. खाली पिवळ्या मुंग्या चालल्या होत्या. त्यातली एक मुंगी चढ चढून जवळ आली आणि तिचं चाक माझ्या डोक्याच्या वर गेलं. तो आपल्या बीईएमएल कंपनीचा 100 टनी वर्गातला डंपर होता. चालक शिडीनं चढून माडीवर गेल्यासारखा आत बसला होता. माझ्या पोटात काहीतरी हललं. बायकोच्या मते ती सकाळची सांबारवडी होती.

त्याच गावात खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका भेटले. आयुष्यभर डंपर दुरुस्त केले, आता घरी बसून लहान करतात. बॉडी पीव्हीसी शीटची, कठडे पितळी तारेचे. टायर नायलॉनच्या जाड रॉडमधून लेथवर कातायचे आणि त्यावरची खाच न् खाच कानशीनं घासायची. एका गाडीला आठ-आठ महिने. घाई केली की फोन ठेवून देतात. “शिडीच्या पायऱ्या मोजल्या का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी मोजल्या नव्हत्या. तेव्हापासून मोजतो.

पहिली दोन बीईएमएलची, घरच्या देवासारखी. मग कॅटरपिलरचा 797एफ, तो एका खेपेला 363 टन उचलतो. मग टेरेक्स टायटन. हा जगात एकच झाला, 1974 साली. आता कॅनडात स्पारवूड गावी पर्यटकांना दाखवायला उभा आहे. या टायटनला माझ्या घरात मान आहे तो शेजारच्या तात्यांमुळं. तात्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. रुळावर न चालणाऱ्या वस्तूला ते वाहन मानत नाहीत. पण टायटनमध्ये रेल्वेचं डिझेल इंजिन बसवलं होतं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, टायटनकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “मग हा आपलाच आहे. वाट चुकलेला.” अशा बऱ्याच मोठ्या डंपरांत इंजिन थेट चाक फिरवत नाही, ते वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकातल्या मोटारी फिरतात, हे ऐकल्यावर तर तात्या रोज संध्याकाळी येऊ लागले. चहा त्यांना साखरेचा लागतो.

सातवा मात्र बेलाझ. बेलारूसचा 75710. 2013 साली आला, 450 टन वाहतो, दोन इंजिनं, आठ टायर, आणि एकेक टायर चार मीटर उंच. भुसावळच्या माणसाला 450 टन म्हटलं की समजत नाही, मालगाडीच्या वाघिणी सांगाव्या लागतात. कोळशाच्या एका वाघिणीत साधारण 60 टन धरले तर एकट्या बेलाझमध्ये साडेसात वाघिणी बसतात. बायको म्हणाली, “साडेसातच ना? मग बरोबर आहे. घरात आलीच आहे ती.”

माझा बेलाझ 41 सेंटीमीटरचा. टायर पुरीएवढे. तो मी चंद्रपूरहून मांडीवर आणला, कारण काकांचा कुरिअरवर विश्वास नाही. वास्तविक खरा डंपरही कारखान्यातून आख्खा येत नाही. रस्त्यावर मावतच नाही, म्हणून सुटे भाग करून नेतात आणि खाणीवर जोडतात. हे मी काकांना ऐकवलं, तर ते म्हणाले, “जोडायला तुम्ही येता का?” मग घेतला खोका मांडीवर. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई म्हणाल्या, “भाऊ, बाप्पा आहेत का?” मी ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ही म्हणालो नाही. नुसता खोका जरा छातीशी धरला. क्षणात खिडकीची जागा मिळाली. शेगावला चढलेल्या मंडळींनी तर खोक्याला हात लावून नमस्कार केला आणि एका आजींनी वर दहा रुपये ठेवले. ते मी अजून वेगळे ठेवलेत. बेलाझच्याच बॉडीत आहेत.

तर, न्हाव्याच्या दुकानातून बातमी सुटली. आठवड्याभरात कार्यालयातला शिपाई माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकण घालून ठेवू लागला. किराणावाल्यानं उधारीची वही मिटली आणि म्हणाला, “तुम्ही कुठं पळून चाललात, शेठ?” मी शेठ! एका अनोळखी माणसानं रस्त्यात थांबवून, “पाणी सुटायच्या आत किती काढणार?” असं विचारलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून कधी पाणी येईल ते सांगता येत नाही, म्हणून मी प्रामाणिकपणे म्हणालो, “जेवढं मिळेल तेवढं भरून ठेवायचं.” तो आदरानं हसला.

खुलासा का केला नाही, असं तुम्ही विचाराल. केला. ‘अहो, छोटे आहेत’ असं म्हटलं की लोक डोळा मारत. ‘कपाटात आहेत’ म्हटलं की त्यांना वाटे, कागदपत्रं कपाटात आहेत.

आणि मग पारोळ्याकडून मोठीला बघायला पाहुणे आले.

मध्यस्थानं काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मुलाकडचे दोन गाड्या भरून आले. मुलाचे मामा कापसाचे व्यापारी, बोटांत तीन अंगठ्या. पोह्यांची बशी हातात घेऊन ते माझ्याजवळ सरकले.

“सगळे फायनान्सवर का?”

मला वाटलं, मध्यस्थानं छंदाबद्दल सांगितलंय. किती बरं माणूस! “छे,” मी म्हणालो, “सगळे रोखीनं.”

मामांचा चमचा थांबला. “सातही?”

“सातही. काका उधार देत नाहीत.”

“आणि ठेवता कुठं? हल्ली धाडी पडतात ना.”

“धूळ पडते,” मी म्हणालो. “म्हणून बंदच ठेवतो. उन्हाळ्यात जास्त त्रास. मागच्या मेमध्ये पारा 45च्या पुढं गेला तर एकाची केबिन वाकडी झाली.”

“उन्हानं?”

“उन्हानं.”

मामांनी मुलाच्या वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी छताकडं पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणा करत होती, त्यांचा अर्थ मी ‘चहा पाठवू का’ असा घेतला. उठून मोठ्या उत्साहानं कपाटाचा पडदा सारला आणि दिवा लावला.

शांतता काय असते ते मला त्या दिवशी कळलं. मामांनी सात डंपर मोजले. परत मोजले. मग पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवली. पोहे अर्धे होते.

फक्त मुलाचे आजोबा उठले. धोतर सावरत कपाटापाशी आले आणि काचेला नाक लावलं.

“हाई काय शे भो?”

“डंपर आहे, बाबा. खाणीतला.”

“चालस का?”

“नाही. चालत नाही.”

“मंग काय करस?”

या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही. मी बेलाझ बाहेर काढला आणि बॉडी उचलून दाखवली. दहाची नोट घसरून त्यांच्या हातात पडली. आजोबांनी ती उलटसुलट करून पाहिली, परत बॉडीत ठेवली, आणि आठही टायर एकेक करून बोटानं फिरवले. खऱ्याचा टायर दोन माणसं एकावर एक उभी केली तरी उंच, असं मी सांगितलं, तेव्हा मान वर करून त्यांनी माझ्या छताचा अंदाज घेतला. तेवढ्यात मामांनी गाडीची किल्ली वाजवली. आजोबा म्हणाले, “पोर देखी, डंपर बी देखात. आते चहा ते पिऊ द्या.”

‘कळवतो’ म्हणून गेले. कळवलं नाही. मोठी म्हणाली, बरं झालं, मुलाचं लक्ष मोबाईलमधून एकदाच वर आलं होतं आणि तेही डंपरकडं नव्हतं. तिनं ‘डंपरकडं’ म्हटलं, ‘माझ्याकडं’ नाही, हे मला आवडलं. बायकोला नाही आवडलं.

पाहुण्यांनी निदान अफवेचा तरी निकाल लावला असेल, असं मला वाटलं होतं. पण परवा रात्री साडेदहाला फाटक वाजलं. पलीकडच्या गल्लीतले मास्तर. वरचा मजला बांधतायत, काम अडलंय. मफलर तोंडावर, इकडंतिकडं बघत म्हणाले, “भाऊ, कोणाला कळणार नाही. एक ब्रास वाळूचं तेवढं जमवा.”

मी त्यांना आत घेतलं, कपाट उघडलं आणि सगळ्यात मोठा बेलाझ त्यांच्या हातात दिला. मास्तर गणिताचे. प्रमाण विचारलं. एकास पन्नास, मी म्हणालो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पन्नासपट लहान, म्हणजे माल सव्वा लाखपट कमी, ते पुटपुटले. 450 टनांचे किती? दोघांनी मिळून वीजबिलाच्या मागं मांडलं. तीन किलो सहाशे ग्रॅम. ब्रासला साडेचार टन धरले तर साडेबाराशे खेपा.

मास्तर बराच वेळ आकड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “आणि सातही लावले तर?”