दुर्बिणीपुढची छत्री

ऑक्टोबरच्या उन्हात म्हाताऱ्या माणसानं छत्री उघडली, याबद्दल माझी तक्रार नाही. ती माझ्या स्कोपच्या तोंडापुढे दोन फुटांवर उघडली आणि वर मलाच विचारलं, "कोणी बोलयल्यान तुमका?", याबद्दल आहे. परवाची गोष्ट. डोक्यातून अजून उतरलेली नाही.

मालवणच्या वरच्या अंगाला एका खाडीचं खाजण आहे. पावसाळा सरला की उत्तरेकडचे शिकारी पक्षी तिथं उतरतात आणि आम्ही काही रिकामटेकडे (हा घरचा शब्द) ते मोजतो. मुख्य मानकरी दलदली भोवत्या, आम्हा लोकांत हॅरियर. पंख वर उचलून धरतो आणि लव्हाळ्याला पोट घासेल इतक्या खालून तरंगत जातो. मादी तपकिरी, डोक्यावर मलईच्या रंगाची टोपी. गोम अशी की हा प्राणी जातो आणि परत येतो. एकच मादी पाचदा दिसली म्हणून पाच लिहिलेत तर मेलात. म्हणून स्कोप खाजणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात फिरवायचा आणि त्या फेरीत दिसतील तेवढेच धरायचे. फेरी तुटली की आकडा बाद.

मी चारावर होतो. पाचव्याच्या जागी काळं कापड आलं.

"तात्या, जरा बाजूला होता का?" (नाव मला ठाऊक नव्हतं. पण खांद्यावर टॉवेल टाकलेल्या त्या वयाच्या माणसाला दुसरं काय म्हणणार?)

"बाजूक कित्याक? जमीन माझी आसा. कोणी बोलयल्यान? वसंतान?"

पुढच्या काही मिनिटांत मला वसंताची तीन पिढ्यांची माहिती झाली. वसंत चुलतभाऊ. वसंताच्या बापाशीनं बांध रातोरात अलीकडे सरकवला, सातबाऱ्यावर नाव कसं चढलं ते तलाठ्यालाच माहीत, आणि दिवाणीतल्या तारखा अजून चालू आहेत. आता मी तिवईवर नळी लावून, हातात वही घेऊन उभा. कोकणात असा माणूस एकाच कामाला येतो.

"तात्या, मी जमीन नाही मोजत. पक्षी मोजतोय."

तात्यांनी छत्री मागे कलवून वर पाहिलं. तीन घारी घिरट्या घालत होत्या.

"तीन आसत. झाला? आता घराक जावा."

"त्या घारी. त्या इथल्याच. मी बाहेरून आलेले मोजतो."

"भायरसून इलेले?" तात्यांचा आवाज चढला. "मगे वसंताच्या झिलाक मोजा! गणपतीक इलो, जमीन बघून गेलो."

मी विषय वाढवायला नको म्हणून वाढवला. अमूर ससाण्याचं सांगितलं. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, नागालँडात मुक्काम करतो, मग अख्खा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो. वजन सुमारे १५० ग्रॅम! तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि थयसर तेची जमीन आसा?"

"नाही."

"मगे बरा. कोर्टात जावक लागाचा नाय."

१९३०च्या आसपास सालिम अलींनी किहीमला सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला. 'वसंतान धाडल्यान काय' असं त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. अर्थात सुगरणीचं घरटं झाडाला टांगलेलं असतं. खाली बांध कुणाचा, हा प्रश्नच येत नाही. लोकांचं नशीब असतं एकेकाचं.

एवढ्यात छत्रीच्या काठाखालून कैकर गेला, मासेमार गरुडच म्हणा. पायांत मासा, डोकं पुढे करून नीट सरळ धरलेला, शेपूट अजून हलतंय. मी ओरडलोच. तात्यांनी मानही पुरती वळवली नाही.

"शेवटो गावलो तेका," (शेवटो म्हणजे तो मासा) म्हणाले आणि वसंताकडे परत वळले.

शेवटी त्यांनी अट घातली. वहीत लिहायचं: आज मोजणी झाली नाही. मी लिहिलं. त्याखाली त्यांनी सावकाश, जोर देऊन सही केली, हॅरियरच्या रकान्यात. तोवर ऊन गेलं होतं. भोवते रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवरच उतरतात, आणि एकदा उतरले की चिखलात तपकिरी ठिपका शोधत बसा.

राग यायचा तो येतोच. पण खाजणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात आता लाल मातीचा भराव आहे. भरतीचं पाणी तिथवर पोचत नाही, लव्हाळा वाळून गेलाय, आणि समुद्र दिसणाऱ्या प्लॉटांचा बोर्ड तेवढा ताठ उभा आहे. तिथंही आधी तिवईवाले आले असणारच. त्यांच्यापुढे कुणी छत्री उघडली नाही. मी चार चुकार पक्षी मोजायला आलो, तर मला सर्व्हे नंबर तोंडपाठ करावा लागला.

रात्री गटाच्या समन्वयकाचा फोन.

"चारच? इतक्या चांगल्या हवेत?"

"फेरी तुटली."

"कारण भरा. यादीतलंच निवडा."

यादीत पाऊस, वारा, धुकं आणि भरती. मी धुकं निवडलं. ऑक्टोबरात, मालवणला, भर उन्हात.