जिन्यावरच्या रबराला तेल लावू नका, प्लीज

सध्या एक मेसेज फिरतोय, पायऱ्यांवरचं रबर पांढुरकं, जुनाट दिसत असेल तर आधी ब्लीचने घासा, मग व्हिनेगर आणि खायचा सोडा ओता, शेवटी खोबरेल तेल नाहीतर टायर पॉलिश चोळा, एकदम नवं होतं म्हणे.

आधी शेवटचं घेते कारण सगळ्यात धोक्याचं तेच आहे. तेलाने रबर काळंभोर दिसतं हे खरंय, पण ते तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं, आणि वर जो तेलकट थर राहतो त्यावर पाय सटकतो. टायर पॉलिशमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉन असतं आणि ते टायरलासुद्धा फक्त बाजूने लावतात, रस्त्याला टेकतो त्या भागावर नाही, कारण पकड जाते. मग जिथे आजी-आजोबा पाय टेकवतात तिथे ते कसं चालेल? पावसाळ्यात ओल्या चपलांनी तर विचारूच नका.

ब्लीचने रबराचा वरचा थर कडक होतो आणि पुढे तडे जातात. त्याहून वाईट म्हणजे ब्लीच नीट धुतलं गेलं नाही आणि त्यावर व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही जिन्याच्या कोंदट जागेत!

व्हिनेगर-सोड्याचा फेस दिसतो भारी, पण दोन्ही एकमेकांचा जोर मारतात, मागे उरतं खारट पाणी.

आणि तो पांढुरकेपणा दरवेळी मळ नसतोच. कधी नीट न धुतलेला साबण, कधी बोअरच्या पाण्याचे क्षार, तर कधी रबरातलंच मेण वर आलेलं असतं, जे तडे जाऊ नयेत म्हणून बनवतानाच घातलेलं असतं. म्हणून आधी कोरडी धूळ काढा, कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड थोडंसंच घाला, नायलॉनच्या ब्रशने खाचांच्या दिशेने घासा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत कोणाला चढू देऊ नका. क्षारांचे डाग उरले तरच पाणी घातलेलं व्हिनेगर, तेही एकटंच, आणि लगेच पुसून घ्या.

वाळल्यावर पांढरं फडकं घासून बघा. धुतल्यावरही काळं लागतंय, चिकट लागतंय किंवा पायरीच्या कडेला आरपार चीर आहे, तर ते रबरच झिजलंय, तिथे कुठलंही पॉलिश कामाचं नाही. तेवढीच पट्टी बदला, जुना गोंद खरवडून काढा, सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा झाला की मगच दाबून बसवा, कडेला जरा जास्त जोर लावून.