उन्हाची सवय वेगळी, उकाड्याची वेगळी

आज दुपारी दोनच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून उठताना भोवळ येऊन खालीच बसला. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा आहे, यवतमाळ जिल्ह्यातून आलेला, आणि डोंबिवलीत येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला आहे. त्याला पाणी देऊन जिन्याखाली पंख्याशी बसवेपर्यंत चार माणसे जमली आणि त्यांतले एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "विदर्भातला ना तू? तुला तर सवय असायला हवी." त्या वेळी मी गप्प राहिले. आता रात्री लिहायला बसले आहे, कारण हे वाक्य मी 2011 पासून ऐकत आले आहे आणि आज ते सहन झाले नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही नागपूर सोडून इथे आलो, तेव्हा बाबांनी घरचा लोखंडी कूलर टेम्पोत घालून सोबत आणला होता. त्यांनी त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकी भरली आणि नागपूरच्या शिस्तीप्रमाणे सकाळी दहालाच खिडक्या लावून पडदे ओढून घेतले. तिकडे 45 अंशांच्या झळा घरात येऊ न देण्यातच शहाणपण असते. ताटीतले पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जाते, जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते, आणि म्हणून भर मे महिन्यातही पहाटे चादर ओढावी लागते. इथली हवा मात्र आधीच पाण्याने जडावलेली असते, त्यामुळे त्या बंद खोलीत कूलरने गारवा आणला नाही, दमटपणा तेवढा वाढवला. तिसऱ्या दिवशी गाद्या ओलसर लागू लागल्या आणि रात्री बाबांच्या पायांत गोळे आले, जीव घाबरा झाला. "मला एवढा घाम कधीच येत नव्हता, मला काहीतरी झाले आहे," असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. घाम त्यांना नागपुरातही येतच होता, पण तिथे तो दिसण्याआधी वाळायचा आणि शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग राहायचे. डॉक्टरांनी आधी कूलर बंद करायला लावला, मग खिडक्या उघडायला लावल्या आणि त्यानंतर मीठ-साखरेचे पाणी दिले.

उन्हाची सवय असलेल्या माणसाला दमट उकाड्याची सवय आपोआप होत नाही, हे इतके साधे आहे की माझ्या मित्रयादीतल्या कुणालाही ते पटवून द्यावे लागणार नाही. वेधशाळासुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून आणि किनारपट्टीवर 37 अंशांपासून करते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात 14 माणसे दगावली, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. तरीही आपण पाऱ्याचा आकडा वाचतो आणि गावाकडून आलेल्या माणसाला जाड टेरीकॉटचा गणवेश, बूट आणि टोपी चढवून बारा तास पत्र्याच्या चौकीत बसवतो. त्या चौकीत पंखा नाही. मागच्या बैठकीत रंगकामावर दीड तास चर्चा झाली आणि पंख्याचा विषय निघालासुद्धा नाही. मी त्या बैठकीला हजर होते आणि मीही तो काढला नाही, याची आज मला लाज वाटते.

नागपूरच्या उन्हातही माणसे मरतात, हे मला मान्य आहे, आणि तो उन्हाळा सोपा असतो असे मी म्हणत नाही. पण तिथे काय करायचे हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. इथे नव्याने आलेल्याला ते कुणी सांगत नाही, आणि त्याच्या जुन्या सवयीच त्याच्या अंगाशी येतात.

बाबा पुढे शिकले. शरीर रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर दुपारची कामे त्यांनी सोडून दिली. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून ते दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची वाट पाहत, आणि तो उशिरा सुटला की त्या दिवशी तापणार, हे आम्हाला आधीच सांगत. ओल्या पंचाने अंग पुसून ते पंख्याच्या झोतात बसत. शेजारच्या मालवणच्या काकूंनी त्यांना कोकम सरबतात चिमूटभर जास्त मीठ घालायला शिकवले. कूलर मात्र त्यांनी दोन वर्षे विकला नाही, पुसून बाल्कनीत ठेवला, आणि त्याच्याकडे पाहून ते कधीकधी इतके गप्प होत की आम्हीही विषय काढत नसू.

संध्याकाळी मी आमचा टेबल-पंखा चौकीत नेऊन लावला आणि त्या मुलाला सरबत दिले. तो बराच सावरला होता. पेला परत देताना तो म्हणाला, "काकू, आमच्या घरी कूलर पडून आहे. पुढल्या खेपेला घेऊन येऊ का?" मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि त्याला बाबांची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली.