लोणारचं विवर ब्रह्मास्त्रानं झालेलं नाही : एका व्हायरल मजकुराला मुद्देसूद उत्तर

लोणार सरोवराचा वरून काढलेला फोटो आणि खाली लांबलचक मजकूर. अधूनमधून तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. कधी दोन वाक्यं कमी, कधी चार जास्त, पण गाभा तोच. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर उल्केनं झालेलं नाही, पाच हजार वर्षांपूर्वी महाभारतयुद्धात सोडलेल्या ब्रह्मास्त्रानं, म्हणजे अणुबॉम्बनं झालंय. पुरावा म्हणून तिथे वितळलेल्या काचेसारखे दगड सापडतात, होकायंत्र भरकटतं, पाणी एकाच वेळी आम्लधर्मी आणि अल्कधर्मी असतं. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते किरणोत्सर्गामुळे. हे जगातलं तिसरं मोठं विवर आहे, आणि नासालाही त्याचं कोडं सुटलेलं नाही.

हा मजकूर पाठवणारे बहुतेक जण लोणारच्या अभिमानानंच पाठवतात. म्हणूनच त्याला नुसतं ‘फेक’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

सुरुवात महाभारतापासूनच करू. अश्वत्थामा आणि अर्जुन यांनी एकमेकांवर सोडलेल्या अस्त्रांची कथा सौप्तिकपर्वात आहे. भीम अश्वत्थाम्याचा पाठलाग करत जातो तेव्हा तो भागीरथीच्या काठी व्यासांजवळ बसलेला सापडतो. म्हणजे प्रसंग घडतो गंगेकाठी, विदर्भात नव्हे. पुढे व्यास आणि नारद मध्ये पडतात, अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो, आणि अश्वत्थामा आपलं अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. जमिनीत मैलभराचा काय, हातभर खड्डा पडल्याचंही तिथे लिहिलेलं नाही. ज्या ग्रंथाचा दाखला दिला जातो तो ग्रंथच या दाव्याच्या बाजूनं उभा राहत नाही.

लोणारची स्वतःची कथा तर वेगळीच आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथल्या बिळात लपून बसायचा, विष्णूनं बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं, अशी ती कथा. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं जुनं मंदिर त्याच विष्णूचं. अकबराच्या काळातल्या ‘आइन-इ-अकबरी’तही या जागेची नोंद आहे. ब्राह्मण तिला विष्णुगया म्हणतात आणि काच व साबण बनवायला लागणारे क्षार इथे मिळतात, असं तिथे लिहिलंय. अणुबॉम्बची गोष्ट या परंपरेत कुठेच बसत नाही. ती परंपरेच्या नावावर खपवली जाते आणि लवणासुराची खरी लोककथा मात्र त्या गर्दीत हरवते, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता काचेचे दगड. मजकुरातला हा सगळ्यांत वजनदार मुद्दा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

लोणार ज्या कातळात आहे तो दक्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला. त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचंच असणार, असं शास्त्रज्ञांना बराच काळ वाटत होतं. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या प्रसिद्ध विवरावर लिहिताना लोणारचा उल्लेख केला, पण दोन्हींचं श्रेय जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाला दिलं. निकाल लागला तो १९७३ मध्ये. तळ्याच्या तळाखाली खोल भोकं पाडून खडकाचे नमुने काढले गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांतले संशोधक त्यात होते, आणि ‘सायन्स’ या नियतकालिकात शोधनिबंध छापून आला. त्या नमुन्यांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं.

बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. त्याच्या अणूंची रचना शिस्तीत लावलेली असते. काही लाख वातावरणांइतका दाब क्षणार्धात येऊन गेला, तर ती शिस्त मोडते आणि खनिजाची काच होते. पण स्फटिकाचा बाहेरचा आकार जसाच्या तसा राहतो, कारण खनिज वितळून वाहिलेलंच नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ कडांचा स्फटिक दिसतो आणि आत सगळी काच. हेच मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीला असा दाब आणता येत नाही. तो खडक वितळवतो, आणि वितळल्यावर आकार उरत नाही. उल्कांमध्ये आणि चंद्रावरून आणलेल्या खडकांतही हीच काच आढळते.

इथे मजकूर लिहिणाऱ्याची एक बाजू मान्य करायला हवी. अणुस्फोटही असा दाब निर्माण करू शकतो. अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी नेवाडातल्या अणुचाचण्यांचे खड्डे अभ्यासले आणि त्यांची तुलना ॲरिझोनाच्या विवराशी केली, ती याच साम्यामुळे. तेव्हा नुसत्या काचेवरून उल्का की बॉम्ब हे ठरत नाही. ते ठरतं बाकीच्या हिशेबावरून.

पहिला हिशेब आकाराचा. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. शहर बेचिराख झालं, पण विवर पडलं नाही. बॉम्बनं मोठं विवर पाडायचं तर तो जमिनीत गाडावा लागतो. अमेरिकेनं १९६२ मध्ये नेवाडात ‘सेडान’ चाचणीत १०४ किलोटनांचा बॉम्ब जवळजवळ २०० मीटर खोल पुरून फोडला. खड्डा झाला सुमारे ३९० मीटर रुंद. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे साडेचार पटींहून जास्त, आणि तोही वाळवंटातल्या भुसभुशीत मातीत नव्हे, टणक कातळात. विवराचा व्यास दुप्पट करायला ऊर्जा साधारण दहापट लागते. तेव्हा शेकडो पट मोठा बॉम्ब, आधी कातळात खोल भुयार खणून पुरलेला, अशी कल्पना करावी लागेल. बाणावर बसवून सोडलेल्या अस्त्राशी हे चित्र जुळत नाही.

दुसरा हिशेब किरणोत्सर्गाचा. ‘एवढ्या वर्षांत तो संपून गेला’ असं उत्तर यावर हमखास येतं. काही द्रव्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. सीझियम-१३७ चं प्रमाण दर ३० वर्षांनी निम्मं होतं. प्लुटोनियम-२३९ ला मात्र निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात. पाच हजार वर्षांपूर्वी तसा बॉम्ब फुटला असता, तर त्यातल्या उरलेल्या प्लुटोनियमपैकी ८५ टक्क्यांहून जास्त आजही त्या काचेत अडकलेलं असतं आणि प्रयोगशाळेत लपून राहिलं नसतं. लोणारच्या खडकांचं रसायन गेली पन्नास वर्षं तपासलं जातंय. त्यातून बॉम्ब नाही, उल्का पुढे येते. बाहेरून आलेल्या पदार्थाचा अंश अगदी थोडा आहे, त्यामुळे तो पकडणं अवघड गेलं. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रोमियमच्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या, प्रमाणावरून हा उल्केचा अंश ओळखता आला. पृथ्वीवरच्या खडकांत ते प्रमाण ठरलेलं असतं. काही उल्कांमध्ये ते वेगळं असतं, आणि कुठल्याही बॉम्बनं ते तसं बदलत नाही.

होकायंत्राचा मुद्दा लवकर संपतो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. एखाद्या जास्त चुंबकीय दगडाजवळ सुई धरली तर ती हलते. बेसॉल्टच्या प्रदेशात हा अनुभव दुसरीकडेही येऊ शकतो. त्यासाठी ब्रह्मास्त्र लागत नाही.

‘एकाच वेळी आम्लधर्मी आणि अल्कधर्मी’ हे तर शाळेतल्या लिटमस कागदानंही खोडता येईल. एकाच पाण्याचा सामू (pH) एका वेळी एकच असतो, आणि लोणारचा साधारण साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान नोंदवला गेलाय. म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. बहुधा ‘खारट आणि अल्कधर्मी’ हे मूळचं बरोबर वाक्य पुढे ढकलता ढकलता बिघडलं असावं. काठावर धार, रामगया, सीता न्हाणी असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. सरोवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हानं वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. आमटी आटत गेली की खारट होते, तसंच हे. फरक इतकाच की इथल्या क्षारांत मिठाबरोबर सोडाही भरपूर आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हे क्षार काढून विकले जायचे, आणि प्रकारांनुसार त्यांना नावं होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. तळ्याचं रसायन तिथल्या लोकांना हाताच्या अनुभवानं माहीत होतं.

गुलाबी रंगाचं उत्तरही मिळालेलं आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, वनखात्यानं नमुने घेतले आणि ते तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांत हॅलोआर्किया सापडले. हे अतिखारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आहेत आणि त्यांच्या पेशींत गुलाबी-लाल रंगद्रव्य असतं. पाणी कमी झालं, क्षार वाढले, ऊन कडक होतं, आणि या जीवांची संख्या भरमसाट वाढली. पावसानं क्षारता उतरल्यावर रंगही गेला. किरणोत्सर्गानं आलेला रंग पहिल्या पावसानं धुतला गेला नसता. इराणच्या उर्मिया सरोवराचं पाणीही क्षार वाढले की असंच लालसर होतं.

‘जगातलं तिसरं मोठं’ हे साफ चूक. मेक्सिकोतलं चिकशुलुब विवर सुमारे १८० किलोमीटरचं आहे, दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट त्याहून मोठं होतं. भारतातच मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ ही दोन्ही लोणारपेक्षा मोठी आहेत. लोणारचं मोल आकारात नाहीच. बेसॉल्टमध्ये पडलेली आघात-विवरं पृथ्वीवर मोजकी आहेत, आणि त्यांत इतकं नीट टिकलेलं दुसरं नाही. चंद्रावर आणि मंगळावर बेसॉल्ट पसरलेला आहे, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. मजकुरातलं नासाचं कुतूहल इतकंच आहे. त्यात हतबलता नाही आणि गुपितही नाही. सगळं छापील शोधनिबंधांत वाचायला मिळतं.

राहिला काळ. इथे एक प्रतिप्रश्न नेहमी येतो: ‘शास्त्रज्ञांचंच वयावर एकमत नाही, मग आमचे पाच हजार का नाहीत?’ एकमत नाही हे खरं आहे. तापदीप्ती पद्धतीनं, म्हणजे खनिज तापवल्यावर त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून, मोजलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं येतं. २०११ मध्ये वितळलेल्या खडकांतल्या आर्गॉन वायूवरून मोजलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. आर्गॉनच्या पद्धतीत धोका असा, की मूळ कातळातला कोट्यवधी वर्षांचा जुना आर्गॉन आघाताच्या वेळी पुरता निघून गेला नाही, तर वय फुगतं. त्या संशोधकांनी याची दुरुस्ती करून आकडा दिला, तरी चर्चा चालू आहे. मला आर्गॉनचं वय जास्त विश्वासार्ह वाटतं. ते बरोबर असेल, तर उल्का पडली तेव्हा आपल्या प्रजातीचा माणूसच नव्हता. होमो सेपियन्सचे आजवरचे सर्वांत जुने जीवाश्म मोरोक्कोतले, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

पण हा वाद बाजूला ठेवला तरी पाच हजारांचा आकडा टिकत नाही, कारण तळ्याचा गाळ त्याच्या आड येतो. सरोवराच्या तळाशी वर्षानुवर्षं माती, पानं, क्षार थरावर थर साचत आलेत. सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा नमुना काढला, त्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांचं वय कार्बन-१४ नं मोजलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या दहा मीटरांतच सुमारे ११ हजार वर्षं मावली आहेत, आणि त्याखालीही गाळ आहेच. पाच हजार वर्षांपूर्वी विवर पडलं असतं, तर त्याआधीचा गाळ तिथे साचलाच नसता.

त्या थरांत ब्रह्मास्त्राच्या जागी पावसाचा इतिहास सापडला. गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक तळं फार आटलं की तयार होतात. ते ज्या थरांत भरपूर सापडले, त्यांवरून दोन दीर्घ अवर्षणकाळ ओळखता आले: एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. यातला पहिला हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं भरात येऊन पुढे ओस पडू लागली त्या काळाशी जुळतो. त्या उतारात पावसाचा वाटा किती होता, हे शोधणाऱ्यांना बुलढाण्यातल्या या चिखलाचा दाखला घ्यावा लागतो.