उरलंय ते फक्त फिनिशिंग

आमच्या घरात दिसणारं काम नवऱ्याचं आणि उरलेलं माझं. सॅन डिएगोत कुणाच्या तरी दारातलं पामचं झाड तोडलं, त्याचा ओंडका नवऱ्याने घरी आणला, छिन्नी-हातोडीने त्यातून चार फुटी टिकी, म्हणजे डोळे वटारलेला लाकडी पुतळा, कोरला, शेजारी उभं राहून फोटो काढला, तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि मला म्हणाला, "आता काय, फक्त फिनिशिंग उरलंय."

टिकी म्हणजे मुळात न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या कथांमधला पहिला माणूस. अमेरिकन परसात मात्र तो बारमार्गे आला. 1930च्या दशकात डॉन बीचने हॉलिवूडमध्ये पॅसिफिक बेटांच्या थाटाचा बार काढला, आणि तेव्हापासून हे डोळे वटारलेले बुवा रमच्या पेल्यांवर पहारा देत उभे आहेत. आमच्याकडे रम नाही. सासूबाई आहेत.

पामला वर्षवलयं नसतात. मऊ गरात ताठ धागे, एवढाच कारभार. सँडपेपर घासावा तितकी लव फुटते. मग गॅसच्या टॉर्चने ती जाळायची आणि तारेच्या ब्रशने खरवडायचं. मऊ भाग झडतो, धागे उठून दिसतात. मी टिकीचं थोबाड भाजत होते, तेवढ्यात खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "वांग्यासारखं फिरवत राहा गं, एका जागी धरू नकोस." टॉर्चवरच्या छापील सूचनांपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

मग स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग. लावायचा आणि लगेच पुसायचा, म्हणजे खाचा गडद, उंचवटे फिके. पण ओंडक्याच्या माथ्यावर धाग्यांची तोंडं उघडी असतात, तिथून तो घटाघटा पितो. आधी छिद्रं बुजवणारा सीलर पाजला, तरी प्यालाच. गाल फिके, टाळकं काळंकुट्ट. "डाय केल्यासारखा दिसतोय," नवरा म्हणाला. दर महिन्याला डाय करणाऱ्या माणसाने हे बोलावं!

शेवटचा हात कशाचा, यावर घरात दोन पक्ष पडले. नवरा स्पार व्हार्निशचा : ते जहाजांच्या डोलकाठ्यांसाठीचं, उन्हापावसात लवचिक राहणारं. मी तेलाची. व्हार्निशचे पापुद्रे सुटले की सगळं खरवडून पुन्हा सुरुवात, आणि ती कुणी करायची हे सांगायला नको. तेल आत जिरतं. फिकं पडलं की पुन्हा हात फिरवला, झालं.

जवसाच्या तेलाचा डबा उघडताच सासूबाई चटणीच्या आशेने बाहेर आल्या. या तेलाची फडकी बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटतात, म्हणून मी ती दोरीवर सुटी सुटी वाळत घातली होती. त्यांनी ती काढून, घड्या घालून, गॅरेजात छान चळत रचली. मी चपला न घालता धावले.

"तेल लावलंच आहेस तर त्यात शेंदूर कालव," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हसोबाचा रंग कधी उडाला नाही."

यात तथ्य आहे, हीच पंचाईत. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि जवसाच्या तेलात कालवून तो लोखंडी पुलांना गंजू नये म्हणून फासत असत. पण शिसं विषारी, आणि शेजारची पोरं टिकीच्या नाकाला लोंबकळतात. शेवटी कुंकवावर तडजोड झाली, तीही तेल सुकल्यावर. ते सुकलं का हे पाहायला सासूबाई तासातासाला बाहेर येतात, कपाळावर बोट टेकवून बघतात, आणि ठसा पुसायला मला हाक मारतात.