जुन्या गाड्यांच्या टाकीत ई-२० ओतणं बंद करा

गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की पुढच्या रविवारी कार्ब्युरेटर उघडायचाच, असं आता होऊन बसलंय, आणि माझं डोकं फिरलंय. येझदी रोडकिंग आहे. म्हैसूरची, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची, किक आणि गिअरची दांडी एकच असलेली. हीच गाडी पूर्वी अख्खा पावसाळा पडवीत झाकून ठेवायचो आणि दसऱ्याला बाहेर काढली की दुसऱ्या-तिसऱ्या किकला धडधडायला लागायची. गाडी तीच, हात तेच, गॅरेजही तेच. बदललंय फक्त टाकीत पडणारं पेट्रोल. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, तेच हे ई-२०.

परवा कार्ब्युरेटरचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठणारी खालची वाटी, उघडला. तळाला पांढरट, बुळबुळीत साका. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटवर हिरवट थर, भोक अर्धं बुजलेलं. बाऊल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईचं रबरी टोक फुगून सीटमध्ये अडकलेलं, त्यामुळं पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन इंजिनच्या केसिंगवर ओघळ. पेट्रोलचा पाईप बोटानं वाकवला तर बारीक भेगा दिसायला लागल्या. तो पाईप पावसाळ्याच्या तोंडावर नवा घातला होता!

आणि वर ई-२० बद्दल सरकारी खुलासा काय, तर काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग, गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ असतो. वीस-तीस हजार? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं रबर कशाचं होतं, हे खुलासा लिहिणाऱ्यानं एकदा तरी बघितलं होतं का? आणि रोडकिंगचे ओरिजिनल पार्ट मिळतात कुठं? कंपनी १९९६ ला बंद पडली. जुन्या बाजारात हिंडून, ओळखीतून, चार ठिकाणी फोन करून एकेक वस्तू गोळा करायची आणि ती एका पावसाळ्यात खराब झालेली बघायची. ह्याला किरकोळ म्हणतात?

ज्यांना हे सगळं कौतुक वाटतंय त्यांनी घरी एक प्रयोग करावा. पारदर्शक बाटलीत पंपावरचं पेट्रोल घ्या, थोडं पाणी घाला, पाण्याच्या पातळीवर पेननं खूण करा, बूच लावून हलवा आणि ठेवून द्या. खालचा पाण्याचा थर खुणेच्या वर चढलेला दिसेल. ते वाढलेलं पाणी नाही, पेट्रोलमधून सुटून पाण्यात गेलेलं इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. आता आमच्या साताऱ्याच्या पश्चिम भागातला पावसाळा आठवा. कास, बामणोली, महाबळेश्वर, कोयनानगर. भिंतींना बुरशी धरते तिथं. अशा हवेत अर्धी भरलेली लोखंडी टाकी आठवडाभर उभी राहिली तर आत काय होत असेल? ओल ठराविक प्रमाणाच्या वर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं आणि पेट्रोल वर राहतं.

टू-स्ट्रोकवाल्यांनो, इथं नीट लक्ष द्या. आपल्या गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. थर वेगळे झाले की ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि तळाच्या पाणचट इथेनॉलमध्ये त्याचा थेंब नसतो. टाकीतून पेट्रोल सोडणारा कॉक कुठं असतो? तळाला. म्हणजे चालू झाल्यावर इंजिनला पहिल्यांदा जातं ते बिनऑईलचं पाणी. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं कोरडं. लिटरला मोजूनमापून ऑईल घालणाऱ्या माणसानं ह्यात काय करायचं?

दुसरं दुखणं चढाचं. साध्या पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण साडेचौदापट हवा लागते, इथेनॉलला नऊपट. नव्या गाडीत सेन्सर असतो, कॉम्प्युटर असतो, तो पेट्रोल वाढवून हिशेब जुळवतो. आमच्या कार्ब्युरेटरला कुठला कॉम्प्युटर? जेटच्या भोकातून जायचं तेवढंच जातं. मग मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, आणि इंजिन तापतं. यवतेश्वरचा घाट मागं माणूस बसवून चढताना वरच्या वळणांवर गाडी आवळायला, म्हणजे इंजिन जाम व्हायला लागतं, क्लच दाबून बाजूला घ्यावी लागते. हाच घाट ती आधी एका दमात चढायची. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, टायमिंग परत बघितलं, थोडा फरक पडला. पण कंपनीनं बसवलेलं बरोबर सेटिंग मी का बिघडवायचं? त्याचे पैसे कोण देणार? लिटरमागं ताकद कमी असलेलं इंधन पूर्ण भावानं घ्यायचं, एक रुपया कमी नाही.

पंपावर विचारलं, "साधं पेट्रोल मिळंल का?" पोरगं म्हणालं, "दादा, सगळीकडं हेच येतंय." त्या पोराचा काय दोष! पण ज्यांचा आहे त्यांच्याच कागदावर उपाय लिहिलेला आहे. निती आयोगाचा इथेनॉलचा आराखडा २०२१ चा. जुन्या गाड्यांसाठी ई-१०, म्हणजे दहा टक्केच इथेनॉलचं पेट्रोल मिळत राहावं, असं त्यातच म्हटलंय. सध्याच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटेल, हेही त्यातच आहे. मग २०३० चं उद्दिष्ट ओढून २०२५ ला आणलं, ई-२० घरोघर पोचवलं, आणि ई-१० चं काय झालं? आमच्या गावातल्या एकाही पंपावर ते नाही.

ब्राझीलचं उदाहरण कुणी तोंडावर फेकू नका. तिथं २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या विकल्या जातात आणि पंपावर इथेनॉलचं नोझल वेगळं असतं.

"तुम्ही ऊसवाले, तुम्हीच इथेनॉलला नावं ठेवताय?" हे ऐकून तर तळपायाची आग मस्तकात जाते. हो, आमचाही ऊस कारखान्याला जातो. डिस्टिलरीमुळं बिलं वेळेवर निघत असतील तर मला आनंदच आहे, चालवा की जोरात. नव्या गाड्यांत घाला, हवं तेवढं घाला. पण शेतकऱ्याचं नाव पुढं करून आमच्या टाक्या गंजवू नका. कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात जुनी राजदूत, आरएक्स, सीडी हंड्रेड आहे, आणि ती शौकासाठी ठेवलेली नाही. दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, औषधाचा पंप तिच्यावरच जातो. ह्या माणसानं कार्ब्युरेटरचे पैसे कुठनं आणायचे?

आणि "विकून नवी घे" म्हणणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. पंधरा वर्षांनंतर हीच गाडी आरटीओत नेली, तपासून घेतली, नूतनीकरणाची फी भरली, पर्यावरण कर भरला. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीची ती फी दोन हजार केली, तीही भरायची. पैसे घेताना गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असते. शिक्का मारून कागद हातात देता, आणि त्याच कागदावरच्या गाडीला चालेल असं इंधन मात्र देत नाही?

तालुक्याला एक पंप, पंपावर एक नोझल, त्यात ई-१०. भाव दोन रुपये जास्त लावा, देतो. कुठल्या गाडीला कुठलं नोझल ते मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. एवढंच मागतोय, आणि ते तुमच्याच अहवालात लिहिलेलं आहे.