क्लब कुठला, हे आधी का विचारता?

आज भारताच्या फुटबॉल संघाची यादी आली आणि आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय, तर "मोहन बागानचे किती, एफसी गोवाचे किती?" कोण कसा खेळतोय हे कुणी विचारलंच नाही. यादीतच प्रत्येक नावापुढे क्लब छापलेला, मग लोक तरी दुसरं काय बघणार!

पुण्यात खडकीतला आमचा एक पोरगा. डावखुरा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, एकदा कडेने सुटला की सापडायचा नाही. निवड चाचणीत त्याला पहिला प्रश्न, "सध्या कुठल्या क्लबला?" त्याने इथल्या लीगमधल्या टीमचं नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. विंगरला लेफ्ट बॅकला, म्हणजे मागे बचावाला उभं केलं आणि थोड्या वेळात बाहेर काढलं.

पुणे एफसी क्लबचा अराता इझुमी 2013 मध्ये भारताकडून खेळला. लालियनझुआला छांगते 2015 मध्ये भारतीय संघात आला तेव्हा पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्स क्लबच्या अकादमीत होता. तेव्हा पुण्याकडे बघणारे डोळे होते. मग एकेक क्लब गेला. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा क्लब आला. त्या वर्षी आमची पोरं अचानक खेळ विसरली का?

कुणी म्हणेल, आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या लीगचा वेग, फिटनेस वेगळा असतो. असतो, मान्य.

पण 2025 चा काफा नेशन्स कप, ती मध्य आशियातली स्पर्धा, आठवा. मोहन बागानने आपले खेळाडू भारतीय संघासाठी सोडले नाहीत. क्लबांनी खेळाडू सोडायलाच हवेत अशा फिफाच्या तारखांआधी स्पर्धा सुरू होत होती, त्यांचा हक्क होता, ठीक. भारताचा कोच खालिद जमीलने बाकीच्यांना घेऊन संघ उभा केला आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. कुणाचं अडलं?

त्याआधी तर एकच माणूस एकाच वेळी एफसी गोवाचा आणि देशाचा कोच होता! मानोलो मार्केझच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण रोज ज्यांचा सराव घेतो, तेच डोळ्यांसमोर राहणार ना?

आमचा पोरगा आता चाकणला कंपनीत शिफ्ट करतो. त्याची आई भेटली की विचारते, "सर, त्याचं काय चुकलं हो?" खेळात चुकलं असतं तर सांगितलं असतं, माउली.

फुटबॉल महासंघाने संतोष ट्रॉफीला, म्हणजे राज्यांच्या संघांच्या स्पर्धेला, आणि आमच्या धोबीघाट मैदानावरच्या सामन्यांना खेळाडू हेरायला माणूस पाठवावा. शिबिराला मोठा क्लब नसलेली चार पोरं बोलवा. कमी पडली तर दोन दिवसांत परत पाठवा, आमची तक्रार नसेल. महासंघात ज्यांची ओळख आहे, त्यांनी हे कृपया पोचवा.